रूपाबाईची हरकत

रूपाबाई आडेने शाळेला स्वतःचं कुलूप ठोकलं, त्या दिवसापासून तांड्यात तिला भांडखोर म्हणायला लागले. त्याला आता दहा वर्षं झाली. कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्याच्या थोडं अलीकडे माळावर तिचा तांडा. साठ-पासष्ट घरं, दोन खोल्यांची सरकारी शाळा, वर्ग पाच आणि मास्तर एक. तो एकटा मास्तरही मीटिंगा आणि माहित्या भरण्यातच अर्धा आठवडा घालवायचा. एका सोमवारी रूपाबाईने घरचं कुलूप काढून शाळेच्या कडीला घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि तालुक्याच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसली. "दुसरा मास्तर देता का टाकू किल्ली हिरीत?" असं तिने साहेबाला जाता-येता चार वेळा विचारलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या शिक्षिकेची ऑर्डर निघाली. तांड्यात मात्र कुणी तिला शाबासकी दिली नाही. साहेबलोक चिडतील, उद्या रेशन अडवतील, घरकुल अडवतील, या धाकाने माणसं तिच्या अंगणातून जायचं टाळू लागली.

तिला त्याची फिकीर नव्हती. तिच्या अंगातच राग होता आणि तो जुना होता. तिचं माहेर शिरड शहापूरकडच्या एका तांड्यावर. दुसरीत असताना आईबापाने तिला ऊसतोडीला सोबत नेलं, धाकट्या भावाला सांभाळायला. सहा महिन्यांनी परत आली तर हजेरीतलं तिचं नाव कापलेलं होतं. "आता पुढच्या वर्षी ये," मास्तर म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा ऊस होता. आज तिला छापील अक्षर बोट ठेवून वाचता येतं, लिहिताना मात्र सहीपुढे हात जात नाही. सही ती दाबून करते, कागद फाटेल इतकी.

गेल्या वर्षी पावसाळी अधिवेशनात सरकारने शाळांचं एक विधेयक मांडलं. वीसपेक्षा कमी पट असेल आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर लहान शाळा मोठीत मिळवून टाकायची, असं त्यात होतं. गडबड झाली म्हणून ते दोन्ही सभागृहांच्या समितीकडे गेलं, आणि समितीने पेपरात जाहिरात दिली: कुणाच्या सूचना, हरकती असतील त्यांनी महिन्याच्या आत लेखी पाठवाव्यात. तांड्याच्या शाळेतल्या संध्या मॅडमनी ती जाहिरात कापून रूपाबाईला दिली. मुलगी इथे शिकत होती तेव्हापासून रूपाबाईच शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष होती.

"मी सरकारी नोकर आहे, मला सही करता येणार नाही," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "पण तुम्हाला येते. आपला पट तेवीस आहे. टोळी उसाला गेली की सोळा उरतात. मोजायला ते डिसेंबरातच येणार."

"आन दुसरी शाळा कोणती धरली?"

"हायवेपलीकडची. व्यंकटरावांच्या संस्थेची. नकाशात नऊशे मीटर दाखवतात."

रूपाबाई हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. नकाशावर रेघ मारली तर नऊशे मीटर असेलही. पायाने जायचं तर आधी नाला उतरायचा, पावसाळ्यात तो भरला की वळसा घालून जुन्या रपट्याच्या बुटक्या पुलावरून जायचं, मग शेतांचे बांध, आणि शेवटी चार पदरी हायवे. तो हायवे झाल्यापासून तांड्यातली दोन जनावरं आणि एक म्हातारा त्यावर गाडीखाली गेला होता. आणि शिला. रूपाबाईच्या दिराची, प्रेमदासची मुलगी. सहा-सात वर्षांपूर्वी, सहावीला त्या शाळेत जाताना बारा वर्षांच्या शिलाला एका पिकअपने उडवलं. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा आखूड राहिला आणि शाळा सुटली.

रूपाबाईने त्याच दिवशी आपल्या मुलीला, निताला, फुलस्केप कागद घेऊन बसवलं. निता तेरा वर्षांची, आठवीत, त्याच हायवेपलीकडच्या शाळेत शिकणारी. अक्षर मोत्यासारखं. आई सांगत गेली, मुलगी लिहीत गेली. अंतर चालून मोजा. पट दिवाळीच्या आधी मोजा. इथवर ठीक होतं.

"आता लिव, त्या शाळेत पोरींच्या संडासाला कुलूप असतं."

निताचा पेन थांबला. आईला ती याडी म्हणायची. "हे नको याडी. माझी शाळा हाय ती. मला तिथंच बसायचं हाय."

"खोटं हाय का?"

"खोटं न्हाई. पण नको."

"लिव म्हणते ना. आन पुढं लिव, शिला प्रेमदास आडे, तवा वय बारा, पाय मोडला, शाळा सुटली."

"काकाला इचारलं का?"

"इचारायचं काय त्यात? साऱ्या तांड्याला ठाव हाय."

निताने लिहिलं. रूपाबाईने दाबून सही केली, बावीस आयांचे अंगठे आणि सह्या घेतल्या, आणि बाळापूरच्या पोस्टातून पाकीट रजिस्टर केलं. पावती तिने पोलक्यात ठेवली. त्या दोन दिवसांत ती मोठ्या खुशीत होती.

कागद मुंबईला गेला आणि त्याची झेरॉक्स आठ दिवसांत व्यंकटरावांच्या टेबलावर आली. कशी आली ते कुणी सांगितलं नाही. व्यंकटराव म्हणजे शेजारच्या गावातले मोठे जमीनदार, संस्थेचे अध्यक्ष, तालुक्यातल्या संस्थाचालकांच्या संघटनेचेही पुढारी. साठी ओलांडलेला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. बाजाराच्या दिवशी त्यांनी रूपाबाईला फाट्यावर थांबवलं. गाडीची काच खाली केली, उतरले मात्र नाहीत.

"रूपाबाई, तुझी पोरगी आमच्याकडंच शिकून राहिली ना?"

"व्हय."

"हुशार हाय म्हणतात. लिहिते बी चांगलं." एवढं बोलून त्यांनी काच वर केली.

दुसरा घाव घरातून आला. प्रेमदास टोळीचा मुकादम. त्याच्या टोळीतच रूपाबाईचा नवरा वसराम कोयता चालवायला जायचा. दसऱ्याच्या आधी एका दुपारी प्रेमदास ओट्यावर आला तो चप्पल न काढता. शिला अठरा पूर्ण करून एकोणिसाव्यात गेली होती, पुसदकडच्या एका घरी सोयरीक जमत आली होती. पाहुण्यांनी पाय पाहिला होता, चालवून घेतो म्हणाले होते. आणि आता त्यांनी निरोप पाठवला होता, की मुलीचं नाव लंगडी म्हणून सरकारी कागदात लागलंय असं ऐकतो, उद्या काही भानगड निघायची, आपण थांबू.

"भाबी, माझ्या पोरीचं नाव तू कुणाला इचारून घातलं?"

"तिचा पाय मोडला ते खरं न्हाई का?"

"खरं हाय म्हणून विकायला काढलं का तिला?"

"म्या विकलं?" रूपाबाई उसळली. "तू तवा त्या पिकअपवाल्याची साधी तक्रार तरी दिली का? तू गप बसला म्हणून मला लिवावं लागलं!"

वसराम मधे पडला, "जाऊ दे, जाऊ दे," म्हणाला, आणि दोघांनीही त्याला गप्प केलं. प्रेमदास जाताना म्हणाला, "नाव काढ कागदातून. न्हाई तर तुझा नवरा यंदा माझ्या टोळीत न्हाई, आन माझ्या भावकीचं एक लेकरू तुझ्या शाळेत न्हाई."

"काढत न्हाई," रूपाबाई म्हणाली. "जा."

त्याने शब्द पाळला. वसरामला दुसरी टोळी धरून लांब कर्नाटकात जावं लागलं. जाताना तो बायकोशी बोलला नाही. प्रेमदासच्या भावकीतली सात मुलं दर वर्षी आज्यांजवळ राहायची आणि शाळेत यायची. ती यंदा आईबापांच्या गाडीत बसून उसाला गेली. सोळाचा पट नवावर आला. तांड्यातल्या बायका नळावर रूपाबाई आली की घागरी उचलू लागल्या. एकीने तोंडावर सांगितलं, "शाळा वाचवायला निघाली आन शाळाच रिकामी केली."

त्यात समितीचं पत्र आलं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सुनावणी आहे, अर्जदाराने हजर राहावं, सोबत एक विद्यार्थी आणला तरी चालेल. संध्या मॅडमनी पत्र वाचून दाखवलं आणि लगेच सांगितलं, "माझं नाव कुठे घेऊ नका. पालकांना भडकवल्याची नोटीस आलीय मला."

नितासमोर पत्र ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "मी येत न्हाई."

"येशील."

"तुला ठाव हाय का शाळेत काय चाललंय?"

"काय चाललंय?"

निताने पत्राची घडी घालून ते आईपुढे सरकवलं. रूपाबाईने पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं, पोरगी घाबरली आहे, तिथे गेली की धीट होईल. बसच्या दीड दिवस आधीपासून ती मनातल्या मनात व्यंकटरावांशी भांडत होती.

विधानभवनातली ती खोली लांबलचक होती. मधे टेबल, भोवती चौदा-पंधरा आमदार, काही ऐकत होते, काही मोबाईलवर अंगठा फिरवत होते. रूपाबाई आणि निता भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसल्या. समोरच्या रांगेत इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले व्यंकटराव. त्यांच्या संघटनेलाही बोलावलेलं होतं, आणि त्यांचा नंबर आधी लागला.

ते उभे राहिले, सावकाश बोलले. लहान शाळेत मूल एकटं पडतं, मोठ्या शाळेत स्पर्धा असते, वगैरे. मग त्यांनी फाइलीतून एक कागद काढला.

"अध्यक्ष महाराज, आमच्या भागातून एक हरकत आपल्याकडे आली आहे. आमच्या शाळेची बदनामी करणारी. सही करणाऱ्या बाईंना लिहिता येत नाही. लिहिलंय त्यांच्या मुलीने. आणि त्याच मुलीने हे आम्हाला लिहून दिलंय, की त्या अर्जातला मजकूर खोटा आहे, आईच्या दबावाखाली लिहिला, त्याबद्दल मी माफी मागते."

रूपाबाई खुर्चीत सरळ झाली. तिने निताकडे पाहिलं. निता जमिनीकडे पाहत होती.

अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर-खाली केला. "मुली, इकडे ये. हे दोन्ही तूच लिहिलंस?"

"दोन्ही माझंच अक्षर आहे, सर."

"मग खरं कोणतं?"

निता टेबलाशी उभी होती. तिथे ती शाळेतलं मराठी बोलली, हळू, पण अडखळली नाही. "पहिलं घरी बसून लिहिलं. आई सांगत होती. दुसरं हेडमास्तर सरांच्या ऑफिसात उभं राहून लिहिलं. ते सांगत होते. लिहीपर्यंत वर्गात बसू दिलं नाही. पंधरा दिवस मी व्हरांड्यात बसले. माझ्या मनाचं लिही, असं मला अजून कुणीच म्हणालं नाही."

मोबाईलवरचे दोन-तीन अंगठे थांबले. एक बाई आमदार पुढे वाकल्या. "मग आता सांग तुझ्या मनाचं."

"संडासाला कुलूप असतं. किल्ली ऑफिसात असते, ती मागायला पोरींना लाज वाटते. मी सकाळपासून पाणी पीत नाही. हायवे मला ओलांडता येतो, मी मोठी आहे. पण पहिलीतल्या लेकराला समोरून येणारा ट्रक किती जोरात आहे हे समजत नाही. ते गाडी लांब आहे म्हणून निघतं आणि मधे थांबतं. आमच्या शाळेत येणारी दोन-तीन लहान लेकरं मी रोज हात धरून पार करते. मी सुट्टीवर असले की ती शाळेत जात नाहीत." तिने भिंतीकडे, आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि आईनेसुद्धा मला विचारून लिहायला हवं होतं. ज्या दुसऱ्या मुलीचं नाव घातलंय, तिलाही."

व्यंकटराव उठून म्हणाले, "ही पढवलेली पोपटपंची आहे." अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं आणि रूपाबाईला उभं केलं.

रस्ताभर तिने मनात रचलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. "सायब," ती म्हणाली, "नकाशा कावळ्याचा हाय. आमची लेकरं कावळे न्हाईत. पायानं मोजा."

"आणि अर्जातल्या या मुलीचं नाव, ही शिला..."

रूपाबाईने मान निताकडे वळवली. "एका पोरीचा पाय मोडला. नाव न्हाई सांगत." मग ती अध्यक्षांना म्हणाली, "आन मोजणी दिवाळीच्या आत करा. डिसेंबरात आमी उसात असतो."

दहा मिनिटांत त्यांची पाळी संपली.

बाहेर फाटकाजवळ व्यंकटराव गाडीची वाट पाहत उभे होते. पहिल्यांदाच ते रूपाबाईच्या बरोबरीने जमिनीवर उभे होते. "दाखला घेऊन जा तुझ्या पोरीचा," ते म्हणाले, आवाज तसाच मऊ. "आमच्या शाळेत तिला तकलीफ व्हते म्हणते ना."

"घेऊन जाते. संडासाची किल्ली बी द्या सोबत, कुलूप मी काढते."

गाडी आली, ते बसून गेले. रूपाबाई जिंकल्याच्या तोऱ्यात निताकडे वळली, आणि निताचा चेहरा पाहून तिचा तोरा उतरला.

"व्हरांड्यात बसवलं ते मला सांगितलं काहून न्हाई?"

"म्या म्हणलं व्हतं, ठाव हाय का शाळेत काय चाललंय. तू एकदाच इचारलं. दुसऱ्यांदा इचारलं असतं तर सांगितलं असतं." निताने पिशवी रागाने खांद्यावर ओढली. "तुला माझं अक्षर पायजे व्हतं याडी. मी नको व्हते."

रूपाबाईचा हात उठला होता. मारायला की जवळ घ्यायला, ते तिचं तिलाही कळलं नाही. निता एक पाऊल मागे सरली. परतीच्या बसमध्ये यवतमाळपर्यंत दोघी दोन सीटवर बसल्या, मधे पिशवी ठेवून.

व्यंकटरावांनी दाखला आठ दिवसांत दिला. वर्तणुकीच्या रकान्यात बाकी सगळ्या मुलांना 'चांगली' लिहितात. निताच्या दाखल्यावर 'बरी' होतं. रूपाबाईने तो शब्द बोट ठेवून वाचला आणि हेडमास्तरच्या टेबलावर हात आपटला, पण निताने तिला दंडाला धरून बाहेर आणलं. "राहू दे. तू भांडली की ते माझ्या नावानं लिहितेत." जानेवारीत निता हिंगोलीला मुलींच्या वसतिगृहात गेली. तिथल्या शाळेने दाखल्यावरच्या शब्दाला काही किंमत दिली नाही.

मार्चच्या अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. संध्या मॅडमनी मोबाईलवर वाचून दाखवलं. पटाचं कलम होतं तसंच राहिलं, मोजणीची तारीखही बदलली नाही. पण अंतराच्या कलमात सुधारणा झाली होती. 'नकाशावरील सरळ अंतर' काढून 'मुलांच्या पायी जाण्याचा प्रत्यक्ष रस्ता' घातलं होतं, आणि वाटेत महामार्ग किंवा नाला असेल तर शाळा बंद करू नये, असंही लिहिलं होतं. अशा हरकती राज्यभरातून आल्या असतील. कुणाच्या शब्दाने हे झालं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मॅडमचे डोळे भरून आले. रूपाबाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा." तिने तीन वेळा वाचून घेतलं. मग ती घरी गेली आणि तिच्या लक्षात आलं, की हे सांगावं असं घरात कुणी नाही. तिने निताला फोन लावला. निताने सगळं ऐकलं, "बरं झालं" म्हणाली, आणि उद्या पेपर आहे म्हणून फोन ठेवला.

एप्रिलात टोळ्या परतल्या. वसराम आला, महिनाभर तुटक बोलला, मग हळूहळू जेवताना बोलू लागला. शिलाची सोयरीक पुसदला मोडली होती. ती दुसरीकडे जमते का ते पाहत होते. प्रेमदासने भावाच्या घराकडची खिडकी पत्रा ठोकून बंद केली.

जूनमध्ये तालुक्याहून दोन माणसं चाकाची मोजपट्टी घेऊन आली. नाल्यातून, रपट्यावरून, बांधावरून ती फिरवत हायवेपलीकडच्या फाटकापर्यंत गेली. दोन किलोमीटर तीनशे मीटर. शाळा राहिली. कागदावर शिक्का बसला तेव्हा तांड्यातले चार-दोन लोक उभे होते, ते पाठ फिरवून घराकडे वळले.

आणि शाळा सुरू झाली त्या सोमवारी प्रेमदासने आपली दोन धाकटी मुलं, दुसरीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी, व्यंकटरावांच्या शाळेत घातली. केवळ रूपाबाईच्या नाकावर टिच्चून. सकाळी साडेनऊला ती दोघं पाठीवर दप्तर घेऊन नाल्याकडे उतरायची. पार करायला निता नव्हती. रूपाबाई ओट्यावरून पाहायची. पहिल्या दिवशी ती प्रेमदासच्या दारात गेली. त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मुलांच्या मागे हायवेपर्यंत गेली, तर प्रेमदासच्या बायकोने तिथेच तिला शिव्या घातल्या, येणारे-जाणारे ट्रकवाले पाहत असताना. तिसऱ्या दिवशी ती घरातच बसली. भांडायला आयुष्यात कधी कमी न पडलेल्या रूपाबाईला काय करावं ते सुचेना.

गुरुवारी शाळेच्या दारात शिला दिसली. आखूड पाय टेकवत, दोन्ही भावंडांची बखोटं धरून. मुलं रडत होती. रूपाबाई तेव्हा खिचडीचे तांदूळ निवडायला आत बसलेली, ती ताट घेऊन उभीच राहिली.

"मॅडम, यांची नावं घ्या," शिला म्हणाली. "दाखला मागून आणते. बापाला मी बघते."

मॅडमनी रजिस्टर उघडलं. शिला रूपाबाईकडे वळली. सहा-आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती.

"तुमच्यासाठी न्हाई आणलं काकी. काल हा मधोमध थांबला व्हता हायवेवर, म्हणून आणलं."

"शिला..."

"माझं नाव कागदात घालायच्या आधी मला इचारायचं व्हतं. बापाला न्हाई. मला. म्या हो म्हणले असते."

रूपाबाईने तोंड उघडलं. एवढी वर्षं साहेबांना, आमदारांना, जमीनदारांना सुनावणाऱ्या तिच्या तोंडातून एकच शब्द आला, तोही नीट नाही. "चुकलं."

शिला भावाकडे वळली. भावाच्या नाकाचा शेंबूड ओढणीने पुसून तिने त्याला आत ढकललं आणि पायरी उतरायला लागली. तिला उतरताना आधार लागतो हे रूपाबाईला माहीत होतं. ती पुढे झाली नाही. शिलाने भिंतीला हात लावला, एक एक पायरी उतरली, आणि नळाकडून बघणाऱ्या बायकांच्या मधून घराकडे गेली.